समर्थ भाऊ

समाजकल्याण कार्यालयाच्या जिन्याखाली टायपिस्टकाका एकतीस वर्षं टाइपरायटर मांडून बसले. म्हाताऱ्यांचे, विधवांचे, अपंगांचे पेन्शनचे अर्ज टाइप करून त्यांनी संसार केला, आणि त्याच लोकांना दिवसभर नावं ठेवली.

"या, आले सरकारचे जावई!" ते रांगेकडे बघून म्हणत. "आम्ही कर भरायचा, तुम्ही बसून खायचं!"

लोक कसनुसं हसत. काकांनी केलेला अर्ज सहसा परत येत नसे, म्हणून ऐकून घेत. तसे काका मनाने वाईट नव्हते. चहावाल्यापासून शिपायापर्यंत सगळे हेच बोलत. काका जरा मोठ्याने बोलत, इतकंच.

एके सकाळी रांगेत त्यांची थोरली बहीण दिसली. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अडुसष्टाव्या वर्षी ती एका खानावळीत भांडी घासत होती आणि आता बोटं वळेनाशी झाली होती.

"ताई, तू? इथे?" काका इकडेतिकडे बघत पुटपुटले.

"का रे? जावई चालतात, मग सून का नको?" ती हसली. "कर टाइप."

"काका, आज घरचंच गिऱ्हाईक!" शिपाई जिन्यावरून ओरडला आणि मजा बघायला खाली येऊन उभा राहिला.

काकांचे कान तापले. नाव, वय, पत्ता भराभर उतरले. 'सांभाळणारं कोणी आहे का?' या रकान्याशी हात थबकला. एरवी ते न विचारता 'कोणी नाही' असं ठोकून देत. म्हातारीचा धडधाकट मुलगा मागे उभा असला तरी. आज शिपाई खांद्यावरून वाकून बघत होता. काकांनी टाइप केलं, 'भाऊ समर्थ आहे.'

ताईने न वाचताच सही केली. धाकट्या भावाने केलेला कागद वाचायचा कशाला?

अर्ज नामंजूर झाला. काकांनी मनाशी ठरवलं, आपणच हिला सांभाळायचं. दोन महिने पैसे नेऊन दिले. मग घरातलं आजारपण निघालं आणि ते "लागलं तर सांग हं," एवढंच म्हणू लागले. तिने कधी सांगितलं नाही. यांनीही खोदून विचारलं नाही.

तीन वर्षांनी खानावळीच्या ओल्या फरशीवर ताई घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. काका दवाखान्यात तिच्या खाटेशी येऊन बसले.

"ताई, तो अर्ज माझ्यामुळे गेला. मी त्यात..."

"माहीत आहे. कार्यालयात अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या बाईंनी तेव्हाच वाचून दाखवला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकून बरं वाटलं रे. म्हटलं, लिहून दिलंय त्याने. येईल."

काकांच्या खिशात नवा अर्ज होता. तो त्यांना बाहेर काढवेना. तिलाच खिशातून डोकावणारा कागद दिसला आणि तिने हात पुढे केला. चष्मा लावून तिने सगळे रकाने सावकाश वाचले. 'कोणी नाही' या शब्दांवर तिची नजर क्षणभर थांबली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली आणि पेन मागितलं.