म्हशी गायरानातच चरणार

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज रोजच्यासारख्या म्हशी चरायला गावच्या गायरानात नेल्या, तर वाटेवर दोरी बांधलेली. तिथं वॉकिंग ट्रॅक झाल्यापासून शहरातली माणसं गाड्या घेऊन फिरायला येतात. त्यातलेच एक साहेब म्हणाले, "मावशी, म्हशी दुसरीकडं न्या. ट्रॅकवर शेण पडतंय."

मी म्हटलं, "दुसरीकडं म्हंजे कुठं पावणं? तुमच्या पार्किंगात?" आणि दोरी सोडली.

ट्रॅक बंद करा असं माझं म्हणणं नाही. माझी सख्खी जाऊ तिथं पोहे विकते, तिचं घर त्यावर चालतं. पण म्हशी दावणीला बांधून विकतचा चारा घातला, तर आमचं घर कशावर चालायचं? हे कुणीच विचारत नाही.

संध्याकाळी आमचे मालक आणि मी म्हशी घेऊन शहरातल्या दूध कट्ट्यावर गेलो. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दूध तिथंच ग्लासातून द्यायचं, ही आमच्या कोल्हापूरची रीत. बघते तर रांगेत सकाळचेच साहेब! मला ओळखलंच नाही. एका दमात ग्लास रिकामा केला आणि मिशीवरचा फेस पुसत म्हणाले, "मावशी, दूध एक नंबर!"

मी म्हटलं, "असणारच की. सकाळी तुम्ही हाकलत होता, ती म्हस हीच हाय."

साहेबांनी घाईघाईनं पैसे दिले आणि गाडी गाठली.

उद्या दोरी बांधलेली असली, तर उद्याही सोडणार. दूध पाहिजे आणि म्हस नको, हे कसं चालंल? सांगा की तुम्हीच.