बाईंच्या बाजूने

निवृत्त शिक्षिका सुमतीबाई गेल्या आठवड्यात एक जपानी चित्रकथा छातीशी धरून माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना ते कसं वाटलं, हे मोठ्याने सांगायची पद्धत आहे. यंत्रांच्या ताब्यातल्या शहराची ही कथा. कॉलेजातली मुलं म्हणाली होती, "चित्रं झकास, पण फार काळोख." बाई म्हणाल्या, "काळोख कुठला? आधी शहर जळालेलं असतं, मग एकेक दिवा लागतो. शेवटी त्यातल्या मुलीच्या लोखंडी हाताच्या जागी तिचा स्वतःचा हात येतो."

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात. बाईंनी ते आपल्या सवयीने, म्हणजे शेवटाकडून वाचलं होतं. मी तसं सांगितलं, तर त्या ओशाळल्या नाहीत. पुस्तक पुन्हा घरी नेलं, सरळ वाचलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लेखकाचंही वाचलं. माझंच बरं होतं."

लिहिणाऱ्याने शहर जाळावं आणि वाचणाऱ्याने ते पुन्हा उभं करावं, यासाठीच तर वाचनालयं असतात. आमचं छप्पर गळकं आहे, पण त्या दिवशी मी टेबलामागे ताठ बसले. आज तीच मुलं ते पुस्तक पुन्हा मागायला आली.

"या वेळी बाईंच्या बाजूने वाचायचंय," म्हणाली.