दादाचं तिकीट, बर्फ आणि उद्याचं बारसं

मंडळी, माझ्या भटकण्याचा आज पहिल्यांदाच घराला उपयोग झाला!

उद्या इथे सिंगापुरात, सेंगकांगला दादाच्या घरी, माझ्या भाचीचं बारसं आहे. आत्या मी, म्हणजे नाव ठेवणार मी. दादा जहाजावर इंजिनियर, त्याने लेकीला अजून पाहिलेलंच नाही. आज तो इंग्लंडच्या एका बंदरातून ट्रेनने लंडनला जाऊन सिंगापूरचं विमान पकडणार होता.

दुपारी मी पाळण्यासाठी फुलं आणायला लिटल इंडियात गेले आणि फुलं घेऊन नेहमीसारखी पोपटवाल्या ज्योतिष्यापाशी रेंगाळले. तेवढ्यात दादाचा फोन. बर्फामुळे त्याची गाडी रद्द!

"दुसऱ्या मार्गाने गाड्या आहेत ना?"

"आहेत गं. पण माझं आगाऊ काढलेलं स्वस्तातलं तिकीट. याच गाडीचं, याच मार्गाचं. नियम म्हणजे नियम."

जहाजावरची माणसं ही! मी तिकडे हिवाळ्यात फिरताना अशीच अडकले होते, तेव्हा रेल्वेने तेच तिकीट दुसऱ्या मार्गावर चालवून घेतलं होतं.

"दादा, विचार तरी!"

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर लेक तुला काका म्हणेल!"

दहा मिनिटांत मेसेज आला: "चालतं म्हणाले. लांबच्या मार्गाने जातोय."

आत्ताच विमानतळावरून त्याचा फोटो आलाय, सगळे दात दिसतायत. वहिनी बाळाला दाखवतेय, "बघ, बाबा निघाला!"

तुमचं कधी नुसतं विचारल्यामुळे काम झालंय का? सांगा ना.

आणि हो, फुलं मी पोपटवाल्याकडेच विसरले. पण वहिनी आज एका शब्दानेही ओरडली नाही.