खाली बसून चढवलेलं सलाईन

कर्जतच्या दवाखान्यात आईजवळ बसलो होतो. शेजारच्या खाटेची ठाकूरवाडीतली आजी तापानं फणफणलेली, पण उंच खाटेला घाबरून फरशीवर बसलेली. "वर झोपा, नाहीतर सलाईन लावणार नाहीत," मीच तिला दोनदा दरडावलं. ती घरी जायला उठली.

तेवढ्यात नर्स आली. तिनं गादी खाली ओढून आजीला त्यावर बसवलं, बाटली खिडकीच्या गजाला अडकवली आणि मांडी घालून आजीचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. सुई पहिल्याच खेपेला लागली.

"सिस्टर, खाली?" मी विचारलं.

"सलाईन खाली बसूनपन चढतं, दादा. आजी निघून गेली तर कुनाला चढवू?"

संध्याकाळी आजीला चहा द्यायला गेलो, तेव्हा आधी खाली बसलो.