कानाच्या मुळाशी

“डोरे मिट. आता सांग.”

कृषीच्या तासाला आमच्या सरांचे पहिले वाक्य हेच असे. मग हातावर काहीतरी येई: धानाची लोंबी, चिखलाचा गोळा, कधी वासराचा कान. नवेगाव बांधकडच्या आमच्या शाळेत फळा होता, पण सरांचा तास गोठ्यातच भरे. कानाच्या मुळाशी हात ठेवून जनावराचा ताप ओळखायला त्यांनीच शिकवले.

एकदा एका मुलाने हातातला गोळा चाचपून ठामपणे सांगितले, “माती.”

“शेन होय बाबू,” सर म्हणाले. “पन ओल बराबर सांगतली. अर्धा मार्क घे.”

मी पाठांतरात पहिली आणि गोठ्यात शेवटची. तुमच्याही वर्गात अशी एखादी असेल, वही छातीशी धरून दाराशीच उभी राहणारी.

नववीत असताना शाळेची शेळी अडली. पिल्लाचे तोंड आणि एकच पाय पुढे आला होता. दुसरा आत दुमडलेला. जनावरांचे डॉक्टर दूरच्या गावी गेले होते. शेळीचे ओरडणेही थकत चालले होते. सरांनी स्वतःच्या जाड पंजाकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे.

“पोरी, नखं काप. साबन लाव.”

“सर, मी फक्त वाचलं हाय.”

“मंग भेऊन कायले राहिली? डोरे मिट.”

तेल लावलेला हात आत गेला. पुस्तकातली आकृती कुठल्या कुठे गेली.

“हाताले का लागते?”

“गुडघा.”

“खूर मुठीत झाक, तिले खुपू नोको देऊ. कळ थांबली का पाय समोर आन.”

पाय सरळ झाला. पुढच्या कळेला पिल्लू बाहेर आले, ओले, निपचित. सरांनी त्याचे नाक पुसले, गवताने अंग खसाखसा चोळले. फार वेळाने पिल्लू शिंकले.

“आता वहीत लिव,” सर म्हणाले आणि तोंड फिरवून उगाच बादली विसळत बसले.

पुढे मी ग्रंथालयात नोकरीला लागले. पेढे घेऊन गेले तर सर म्हणाले, “पुस्तकाचाबी कान पाहत जाजो.”

गेल्या महिन्यात सर गेले. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवले होते. सगळे रडत होते. मला रडू येईना. पाया पडून उठताना हात आपसूक त्यांच्या कानाच्या मुळाशी गेला. मी डोळे मिटले.

गार लागतंय, सर.