दाराच्या कमानीखाली

आमचे बाबा बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. घर रायपूरच्या बूढापाऱ्यात, देवघरात अन्नपूर्णा. पण रविवारी आम्हा दोघी बहिणींना सायकलवर बसवून ते जुनं चर्च दाखवायला न्यायचे. टोकदार कमानी, उंच खिडक्या, त्यांतल्या निळ्या-तांबड्या काचा. भिंतीवर येशूच्या शेवटच्या वाटेची चित्रं होती. एकात तो क्रुसाखाली पडलेला, पुढच्यात त्याला वाटेत भेटलेली आई. ताई त्या चित्रापुढून हलायची नाही.

"लोखंड नाही वापरलं, पाहा. दगडाले दगड टेकून उभी आहे," बाबा कमान दाखवत सांगायचे. एवढ्या ऐटीत, की जणू त्यांनीच बांधली.

पुढे त्याच चर्चमधल्या मुलाशी ताईनं लग्न केलं आणि बाबांनी तिचं नाव टाकलं. रायपूर राजधानी झालं, खात्यात कामं वाढली, बाबांना उसंत मिळेना. निदान ते तसं सांगायचे. ताईचं घर सायकलच्या टप्प्यात होतं. मला त्यांचा फार राग यायचा. अजूनही येतो.

ताई तापानं गेली तेव्हा मात्र ते माझ्याबरोबर आले. चर्चच्या पायरीशी चपला काढल्या, वर चढले आणि दाराच्या कमानीखाली थबकले. आत वेदीसमोर ताईची पेटी उघडी ठेवलेली होती.

"बाबा, आत चला ना."

"तू जाय. बाहेर आणतीन तिले, तेव्हा दर्शन घेतोच."

आपल्याकडे अंगणात सगळे शेवटचं तोंड पाहतात, मुखात पाणी घालतात, मगच उचलतात. बाबांना तेवढीच रीत ठाऊक होती. मलाही तेवढीच.

प्रार्थना संपली. लोक एकेक करून पेटीपाशी जाऊन आले. मग झाकण बसवलं, पेच आवळले आणि पेटी खांद्यावर घेऊन दाराशी आणली. बाबा लगबगीनं पुढं झाले. त्यांच्या हातात गंगाजलाची लहानशी बाटली होती.

"तोंड काहून झाकलं? उघडा ना थोडं."

ताईचा नवरा रडत म्हणाला, "बाबूजी, अंदर सबने देख लिया. अब नहीं खुलेगा."

खांदेकरी थांबले. बाबांनी लाकडावर तळहात टेकवला आणि इतक्या वर्षांनी तिच्याशी बोलले.

"मी तं इथंच दारात उभा होतो, पोरी."