मूटे

दुधनीच्या अडत बाजारात वीरभद्रप्पा हमाली करायचा. तुरीचं पोतं पाठीवर घेऊन तो अक्षरशः पळायचा, आणि कुणी वाटेत आलं तर आधी शिवी, मग हाक. माणूस तापट. फक्त सातवीतल्या लेकीचा, भुवनेश्वरीचा विषय निघाला की मऊ व्हायचा. "सर, हिनं पोत्याला हात लावायचा न्हाय," असं तो मला, तिच्या वर्गशिक्षकाला, दर पालकसभेत बजावायचा.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होऊन वर्ष होत आलं. फोनवरच्या वर्गात चाळीस पोरं होती, त्यांतली नऊ उरली. बाकीची शेतात, दुकानात, नाहीतर फोन लावून झोपलेली. खरं सांगतो, मलाही वीट आला होता. भुवनेश्वरी मात्र रोज यायची आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची. तिच्या एकटीच्या जोरावर मी शिकवत होतो.

त्या सकाळी तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. "भुवनेश्वरी, तू म्यूट आहेस," मी म्हणालो. रेंज तुटत होती. मी चिडून ओरडलो, "म्यूट! म्यूट आहेस तू!"

वीरभद्रप्पा तिच्या मागेच बसला होता. त्यांच्या घरात कन्नड बोलतात, आणि कन्नडात मूटे म्हणजे पोतं. मास्तर आपल्या पोरीला सगळ्यांसमोर पोतं म्हणतोय, म्हणजे ही वर्षभर पोत्यासारखी नुसतीच बसून होती, असं त्याला वाटलं. त्यानं तिला केस धरून उठवलं आणि भिंतीवर आपटलं. मग पोती ओढायचा लोखंडी आकडा उलटा धरून पाठीवर, हातांवर, दिसेल तिथं हाणला. झटापटीत फोन पडला आणि बंद असलेला आवाज सुरू झाला. "आप्पा, मी उत्तर देत होते," असं ती तीनदा म्हणाली. ते मी ऐकलं, उरलेल्या आठ पोरांनी ऐकलं. चौथ्यांदा ती काही बोलली नाही.

मी मोटारसायकल काढली. दारात पोचताच त्यानं माझ्या मुस्काटात मारली. "माज्या पोरीला पोतं म्हणता व्हय?" मीही त्याची गचांडी धरली, भिंतीला रेटला आणि फोन त्याच्या डोळ्यांसमोर नाचवला. हे बटन दाबलं की आवाज बंद, परत दाबलं की चालू, यालाच म्यूट म्हणतात. त्यानं बोटानं ते दोन-तीनदा दाबून पाहिलं. मग त्याच भिंतीवर स्वतःचं कपाळ आपटू लागला. रक्त आलं तरी मी त्याला अडवलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पुढं भुवनेश्वरीच्या जखमा भरल्या, शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली. भुवनेश्वरी पहिल्याच बाकावर होती. नाव पुकारलं, तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. कुणी हसलं नाही. मी पुन्हा नाव घेतलं. पुन्हा तसंच.

बाहेर वीरभद्रप्पा खिडकीचे गज धरून उभा होता.

"सर," तो हळूच म्हणाला, "तिचं तेवढं बटन चालू करा की."